मेजर लीग बेसबॉल आणि उत्तेजकं: नियम कडक कसे होत गेले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसबॉलवर मराठीत लिहायला लागल्यापासून मला सर्वाधिक प्रश्न येतात ते उत्तेजकांविषयी. काही पुण्या-मुंबईच्या क्रिकेटवेड्या मित्रांकडून, तर काही अमेरिकेत ज्यांची मुलं लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये) खेळतात अशा मराठी आईबापांकडून. तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. इथे 'लीग' म्हणजे मेजर लीग बेसबॉल, आणि 'संघटना' म्हणजे तिथल्या खेळाडूंची कामगार संघटना. हे दोन शब्द ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या दोघांमधल्या ओढाताणीची आहे.

मेजर लीगमध्ये स्टेरॉइडवर बंदी कधी आली?

कागदावर १९९१ मध्ये. तेव्हाचे कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, फे विन्सेंट यांनी जूनमध्ये सर्व संघांना पत्र पाठवून कळवलं की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेतलेली सगळी अंमली द्रव्यं निषिद्ध आहेत आणि त्यांत स्टेरॉइडही, म्हणजे स्नायू वाढवणारी द्रव्यंही, आली. पण चाचणीच नव्हती. खेळाडूची लघवी तपासायची तर त्याला संघटनेची मान्यता लागणार, आणि ती मिळाली नव्हती. त्यामुळे ते पत्र बहुतेक ड्रेसिंग रूमपर्यंत पोचलंच नाही. शिक्षेसह चाचणी सुरू व्हायला २००४ साल उजाडलं. मधल्या तेरा वर्षांत काय झालं, हेच खरं तर या विषयाचं मर्म आहे.

तेरा वर्षं? इतका वेळ का लागला?

लोक म्हणतात, संघटनेने अडवलं. ते खरं आहे, पण अर्धंच.

संघटनेचं म्हणणं असं होतं की ज्याच्यावर कसलाही संशय नाही अशा माणसाच्या शरीराची झडती मालकाने का घ्यावी? या संघटनेला अविश्वासाची परंपरा होती. १९८० च्या दशकात तर मालकांनी आपापसांत संगनमत करून खेळाडूंचे पगार दाबले होते, आणि ते लवादापुढे सिद्धही झालं होतं. अशा मालकांच्या हाती आपल्या रक्ता-लघवीचे अहवाल द्यायचे, ही कल्पनाच खेळाडूंना सहन होत नव्हती. ही भीती मला पोकळ वाटत नाही. ती खरी ठरली, ते पुढे येईलच.

उरलेला अर्धा भाग मालकांचा. १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिकाच, रद्द करावी लागली. प्रेक्षक चिडले, मैदानं रिकामी पडली. मग १९९८ आलं. सेंट लुईसचा मार्क मॅग्वायर आणि शिकागोचा सॅमी सोसा यांच्यात होमरनची (आपल्या षटकारासारख्या, चेंडू मैदानापार धाडणाऱ्या फटक्यांची) शर्यत लागली. रॉजर मॅरिसचा एका हंगामातला ६१ होमरनचा विक्रम १९६१ पासून अबाधित होता. मॅग्वायरने ८ सप्टेंबरला ६२वा मारला, आणि हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर ७० आणि सोसाच्या नावावर ६६ होमरन होते. तो उन्हाळा मी पाहिला आहे. बेसबॉलचा 'ब' न कळणारे लोकही सकाळी ऑफिसात आल्या आल्या 'काल किती झाले?' म्हणून विचारायचे. तिकिटं पुन्हा खपू लागली होती. अशा वेळी कुणाही मालकाला चाचणीची निकड वाटली नाही.

मॅग्वायर जे घेत होता ते तेव्हा कायदेशीर होतं ना?

जे दिसलं ते कायदेशीर होतं. ऑगस्ट १९९८ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या बातमीदाराला त्याच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली. शरीरात गेल्यावर टेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर होणारं हे द्रव्य ऑलिंपिकमध्ये आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये निषिद्ध होतं, पण दुकानात उघड मिळायचं आणि बेसबॉलमध्ये त्यावर बंदी नव्हती. गंमत वाटेल, पण त्या वेळी लोक चिडले ते बातमीदारावर! दुसऱ्याच्या कपाटात डोकावलाच कसा, म्हणून. अँड्रोवर सरकारी आणि बेसबॉलमधली बंदी आली २००४ मध्ये. मॅग्वायरने स्टेरॉइडही घेतल्याची कबुली जानेवारी २०१० मध्ये दिली.

२००३ ची निनावी चाचणी हा काय प्रकार होता?

२००२ मध्ये केन कॅमिनिटी या निवृत्त खेळाडूने एका साप्ताहिकाला सांगितलं की १९९६ मध्ये तो नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्या हंगामात तो स्टेरॉइड घेत होता. सिनेटने लीगला बोलावून घेतलं, लोकमत तापलं. त्या ऑगस्टमध्ये मालक आणि संघटना यांचा नवा करार झाला. त्यात तडजोड अशी निघाली: २००३ मध्ये सगळ्यांची चाचणी घ्यायची, पण नाव जाहीर करायचं नाही आणि शिक्षाही नाही. ५ टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले तरच पुढच्या वर्षीपासून शिक्षेसह चाचणी सुरू.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. चाचणी होणार हे सगळ्यांना आधी माहीत होतं. तरीही ५ ते ७ टक्के नमुने दोषी निघाले.

आणि मग संघटनेला जी भीती होती तेच झालं. खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या बाल्को या कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या तपासात केंद्रीय तपास अधिकाऱ्यांना काही मोजक्या खेळाडूंचे अहवाल हवे होते. एप्रिल २००४ मध्ये त्यांनी छापा घातला आणि हाती लागला तो शंभराहून अधिक खेळाडूंचा तपशील. ही यादी संघटनेने आधीच नष्ट का केली नाही, यावरून खेळाडू आजही हळहळतात. वरच्या न्यायालयाने पुढे ही जप्ती बेकायदा ठरवली, पण तोवर २००९ मध्ये नावं एकेक करून फुटली होती. त्यांत पहिलं मोठं नाव ॲलेक्स रॉड्रिग्ज. निनावी राहील असा शब्द लेखी दिलेला असताना तो मोडला गेला, आणि त्यानंतर संघटना प्रत्येक नव्या कलमावर इतकी घासाघीस का करते याचं मला नवल वाटत नाही.

नियम खरे कडक झाले ते कशामुळे?

अमेरिकन संसदेमुळे. २००४ मध्ये पहिल्यांदा सापडणाऱ्याला फक्त उपचारांसाठी पाठवायचे, नावही सांगायचे नाहीत. टीका झाल्यावर जानेवारी २००५ मध्ये पहिल्या गुन्ह्याला १० दिवसांचं निलंबन आणि नाव जाहीर, असं ठरलं. दहा दिवस म्हणजे पाय मुरगळला तर खेळाडू बाहेर बसतो तेवढे.

१७ मार्च २००५ रोजी प्रतिनिधीगृहाच्या समितीने मोठमोठ्या खेळाडूंना शपथेवर साक्षीला बोलावलं. मॅग्वायर 'मी भूतकाळाबद्दल बोलायला आलेलो नाही' एवढंच सांगत राहिला. राफाएल पाल्मेरोने समितीकडे बोट रोखून ठणकावलं की आपण स्टेरॉइड कधीही घेतलेलं नाही. त्याच जुलैमध्ये त्याने ३,००० हिट (बेस मिळवून देणारे फटके) पूर्ण केल्या आणि १ ऑगस्टला तोच पाल्मेरो चाचणीत दोषी ठरल्याचं जाहीर झालं. द्रव्य होतं स्टॅनोझोलॉल, म्हणजे १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनच्या नमुन्यात सापडलं तेच.

पण त्या दिवशीचं माझ्या मनात राहिलेलं चित्र खेळाडूंचं नाही. त्यांच्या आधी काही पालक बोलले होते. टेक्सासच्या डॉन हूटन यांचा मुलगा टेलर शाळेच्या बेसबॉल संघात पिचर (चेंडू टाकणारा) होता. वयाच्या १७व्या वर्षी, २००३ मध्ये, त्याने आत्महत्या केली. स्टेरॉइड अचानक बंद केल्यावर आलेल्या नैराश्याने त्याचा जीव घेतला, असं वडिलांनी समितीला सांगितलं आणि मोठ्या खेळाडूंना थेट जबाबदार धरलं. ती साक्ष झाल्यावर 'हा खेळाडूंच्या खाजगीपणाचा प्रश्न आहे' हे म्हणणं आधीच्या जोराने कुणाला मांडता आलं नाही. त्याच नोव्हेंबरात शिक्षा ५० सामने, १०० सामने आणि आजीवन बंदी अशी वाढली. दहा महिन्यांत १० दिवसांवरून ५० सामन्यांवर!

बाल्को आणि मिचेल अहवाल यांत फरक काय?

बाल्को ही सॅन फ्रान्सिस्कोजवळची प्रयोगशाळावजा कंपनी. तिथून 'द क्लिअर' नावाचं, कुठल्याच चाचणीत न दिसणारं स्टेरॉइड खेळाडूंना मिळत होतं. २००३ मध्ये एका ॲथलेटिक्स प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज अधिकाऱ्यांकडे पोचवली, लॉस एंजेलिसच्या डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेने तिच्यातल्या थेंबांवरून द्रव्य ओळखलं आणि चाचणी तयार केली. होमरनचा विक्रमवीर बॅरी बाँड्स याचं नाव यातच आलं.

मिचेल अहवाल म्हणजे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांनी कमिशनर बड सेलिग यांच्या सांगण्यावरून केलेली चौकशी. १३ डिसेंबर २००७ रोजी ४०९ पानांचा अहवाल आला, त्यात ८० हून अधिक खेळाडूंची नावं होती. चाचण्यांचं काम लीग आणि संघटना या दोघांपासून स्वतंत्र माणसाकडे सोपवा, ही त्यातली सर्वांत मोलाची शिफारस. ती २००८ मध्ये मान्य झाली.

'ग्रीनीज' म्हणजे काय?

अँफेटामिनच्या गोळ्या, हिरव्या रंगावरून पडलेलं नाव. मेजर लीगचा संघ जवळजवळ सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो. रात्री सामना, मग विमान, दुसऱ्या गावात दुपारी पुन्हा सामना. त्या थकव्यावर उतारा म्हणून या गोळ्या कित्येक दशकं ड्रेसिंग रूममध्ये शेंगदाण्यांसारख्या मिळायच्या. २००६ पासून त्यांची चाचणी सुरू झाली. स्टेरॉइडइतका गवगवा झाला नाही, पण खेळाडूंच्या रोजच्या जगण्यात सर्वांत मोठा बदल याच नियमाने झाला असं माझं मत आहे.

रायन ब्राउन एकदा सुटला तो कसा?

नमुना नेणाऱ्या माणसामुळे. ऑक्टोबर २०११ मध्ये घेतलेल्या, मिलवॉकीच्या संघातल्या ब्राउनच्या नमुन्यात बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन आढळलं. पण तो नमुना शनिवारी संध्याकाळी गोळा झाला होता, आता कुरिअर निघणार नाही असं समजून त्या माणसाने तो दोन दिवस घरी ठेवला आणि सोमवारी पाठवला. नियम होता त्याच दिवशी पाठवण्याचा. बाटल्यांची सीलं शाबूत होती, तरीही फेब्रुवारी २०१२ मध्ये लवाद श्याम दास यांनी निलंबन रद्द केलं. लीग इतकी संतापली की तिने दास यांना लवादपदावरून दूर केलं.

ब्राउनने पत्रकार परिषदेत त्या नमुना नेणाऱ्यावरच संशय घेतला होता. पुढच्याच वर्षी तो बायोजेनेसिस प्रकरणात (त्याविषयी पुढच्या प्रश्नात) अडकला, ६५ सामन्यांची शिक्षा पत्करली आणि त्या माणसाची माफी मागितली. तरीही दास यांचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. एखाद्याची कारकीर्द पणाला लागते तेव्हा नियम लावणाऱ्यानेही नियम पाळले पाहिजेत. त्या प्रकरणानंतर नमुने ठेवण्या-पाठवण्याचे नियम नेमके लिहिले गेले, हा त्यातून झालेला फायदा.

बायोजेनेसिस प्रकरणात तर चाचणीत कुणी सापडलंच नव्हतं ना?

जवळजवळ कुणीच नाही, आणि म्हणूनच ते प्रकरण महत्त्वाचं. मायामीजवळच्या कोरल गेबल्समध्ये अँथनी बॉश नावाचा माणूस बायोजेनेसिस हा 'वार्धक्यरोधक' दवाखाना चालवायचा आणि तिथून खेळाडूंना उत्तेजकं पुरवायचा. पैशावरून बिनसलेल्या एका माणसाने दवाखान्याच्या वह्या 'मायामी न्यू टाइम्स' या स्थानिक साप्ताहिकाकडे दिल्या, जानेवारी २०१३ मध्ये बातमी फुटली. वह्यांत खेळाडूंची नावं, टोपणनावं, मात्रा, रकमा. ५ ऑगस्टला बारा खेळाडूंनी ५० सामन्यांचं निलंबन निमूट स्वीकारलं. रॉड्रिग्जला २११ सामने सुनावले गेले, लवादाने ते २०१४ च्या संपूर्ण हंगामावर, म्हणजे १६२ वर आणले.

चाचणी होत असतानाही मात्रा आणि वेळ साधून इतके जण निसटले होते. यातून पुढचा कडकपणा आला.

२०१४ च्या नियमांत नवं काय होतं?

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं हे की या वेळी रेटा खेळाडूंचाच होता.

त्याचं कारण जॉनी पेराल्टा. डेट्रॉइटच्या या शॉर्टस्टॉपने बायोजेनेसिससाठी ५० सामने भोगले, ऑक्टोबरमध्ये बाद फेरीला परत आला, ओकलंडविरुद्ध मोक्याचा होमरनही मारला. हंगाम संपताच सेंट लुईसने त्याला चार वर्षांसाठी ५ कोटी ३० लाख डॉलर दिले. नियमाप्रमाणे यात काहीच गैर नव्हतं. पण ब्रॅड झीग्लरसारख्या खेळाडूंनी उघड लिहिलं की फसवणूक फायद्याची ठरते आहे. जी संघटना एके काळी चाचणीचा शब्द ऐकून घेत नव्हती, तिचेच सभासद आता 'आम्हाला कडक नियम द्या' म्हणत होते.

मार्च २०१४ च्या करारात पहिल्या गुन्ह्याला ८० सामने, दुसऱ्याला १६२, तिसऱ्याला आजीवन बंदी असं ठरलं. निलंबित खेळाडूला त्या वर्षी बाद फेरीत खेळता येणार नाही. पगार बुडणारच. हंगामातल्या अचानक घेतल्या जाणाऱ्या लघवीच्या चाचण्या १,४०० वरून ३,२०० वर गेल्या, शिवाय वाढ-संप्रेरकासाठी ४०० रक्तचाचण्या. आणि एकदा सापडलेल्याला पुढे संपूर्ण कारकीर्दभर दरवर्षी सहा जादा लघवीच्या आणि तीन जादा रक्ताच्या चाचण्या. त्याच वेळी एक सैल कलमही आलं: काही ठरावीक द्रव्यांच्या बाबतीत मुद्दाम घेतलं नाही हे खेळाडूने पटवलं तर लवाद शिक्षा कमी करू शकतो.

आजीवन बंदी कुणावर आली आहे का?

तीन वेळा सापडून आजीवन बंदी आलेला पहिला खेळाडू न्यूयॉर्क मेट्सचा पिचर हेन्री मेहिया, फेब्रुवारी २०१६. वर्षभरात तीन वेळा! पुढे त्याला अर्ज करून सशर्त परवानगी मिळाली, पण मेजर लीगमध्ये तो पुन्हा दिसला नाही. रॉबिन्सन कानोला दुसऱ्या गुन्ह्यासाठी २०२१ चा पूर्ण हंगाम गमवावा लागला आणि त्याबरोबर २ कोटी ४० लाख डॉलरचा पगारही.

चाचणी नेमकी होते कशी?

नमुना घेणारा न कळवता येतो आणि खेळाडू बाटली भरेपर्यंत समोर उभा राहतो. नमुना दोन बाटल्यांत विभागतात. पहिली दोषी निघाली तर खेळाडूला दुसरी तपासून घेता येते.

टेस्टोस्टेरॉन पकडणं सर्वांत अवघड, कारण ते प्रत्येकाच्या शरीरात असतंच. आधी त्याचं एपिटेस्टोस्टेरॉन या शरीरातच बनणाऱ्या दुसऱ्या द्रव्याशी प्रमाण पाहतात. ते चारास एकच्या वर गेलं की शंका. मग कार्बनची चाचणी: कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनवतात, त्यातल्या जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण आपल्या शरीरातल्या कार्बनपेक्षा वेगळं असतं. हा फरक लपवणं फार कठीण असतं. २०१४ पासून प्रत्येक खेळाडूचा निदान एक नमुना या चाचणीतून जातो. वाढ-संप्रेरक मात्र लघवीत धड सापडत नाही आणि रक्तातूनही लवकर नाहीसं होतं. त्यासाठी हंगामात अचानक रक्त घ्यायला सुरुवात झाली २०१३ मध्ये.

'मला माहीतच नव्हतं' हे सांगून सुटता येतं का?

सहसा नाही. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच. सॅन डिएगोचा फर्नांडो तातीस ज्युनिअर, ३४ कोटी डॉलरचा चौदा वर्षांचा करार असलेला २३ वर्षांचा मुलगा. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच्या नमुन्यात क्लोस्टेबॉल हे स्टेरॉइड सापडलं. गजकर्णावर घेतलेल्या औषधात ते होतं असं त्याने सांगितलं. ८० सामने बाहेर बसावंच लागलं.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईच्या पृथ्वी शॉचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धेत त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे निषिद्ध द्रव्य आढळलं. खोकल्याच्या औषधातून ते गेल्याचं मंडळाने मान्य केलं, तरीही आठ महिन्यांची बंदी घातली. खोकला झाला की आपण औषधाच्या दुकानात जाऊन बाटली घेऊन येतो. व्यावसायिक खेळाडूला ती सोय नाही.

क्रिकेट मंडळाने आणि बेसबॉल संघटनेने एकच युक्तिवाद केला, असं म्हणता येईल का?

बऱ्याच अंशी. रोज आपला ठावठिकाणा कळवण्याचं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचं, वाडाचं कलम भारतीय क्रिकेट मंडळाने खाजगीपणा आणि सुरक्षेचं कारण देऊन वर्षानुवर्षं नाकारलं. ऑगस्ट २०१९ मध्ये मंडळ सरकारी उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नाडाच्या कक्षेत आलं. फरक असा की मेजर लीग आजही वाडाच्या नियमांखाली नाही. वाडाच्या नियमांत पहिल्याच हेतुपुरस्सर गुन्ह्याला चार वर्षांची बंदी असते, मेजर लीगमध्ये अर्धा हंगाम. मला विचाराल तर शिक्षेच्या लांबीपेक्षा पकडलं जाण्याची शक्यता जास्त धाक घालते, आणि वर्षाला दहा हजारांहून अधिक नमुने तपासणारा हा कार्यक्रम त्या बाबतीत कमी नाही. पण ८० सामने कमीच आहेत, हेही मी मान्य करतो.

एडीएचडीच्या नावाखाली अँफेटामिन घेता येतं, हे खरं का?

डॉक्टरी कारणासाठी सूट मिळते. २००८ ते २०१३ या काळात दरवर्षी शंभराहून अधिक खेळाडूंना एडीएचडीसाठी (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारासाठी, ज्यावर अँफेटामिन दिलं जातं) अशी सूट होती, हे वार्षिक अहवालांतच छापलेलं आहे. सर्वसाधारण प्रौढांतल्या प्रमाणाच्या मानाने हा आकडा मोठा आहे. शंका घ्यायला जागा आहे, पण खरोखर आजारी असलेल्यांनाही त्याच तराजूत तोलणं मला पटत नाही.

गांजावर बंदी आहे का?

डिसेंबर २०१९ पासून निषिद्ध द्रव्यांच्या यादीत नाही. त्याच वेळी ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामकं), फेंटानिल आणि कोकेनच्या चाचण्या सुरू झाल्या. कारण दुःखद होतं: १ जुलै २०१९ रोजी लॉस एंजेलिस एंजल्सचा २७ वर्षांचा पिचर टायलर स्कॅग्ज टेक्सासमधल्या हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला, शरीरात ओपिऑइड आणि मद्य. या द्रव्यांसाठी सापडणाऱ्याला शिक्षेआधी उपचार दिले जातात. हे योग्यच आहे.

पिचर चेंडूला चिकट पदार्थ लावतात ते डोपिंग?

नाही. तो खेळाच्या नियमांचा भंग, त्याला वेगळी शिक्षा आहे.

बाँड्स हॉल ऑफ फेममध्ये का नाही?

बाँड्सचे ७६२ होमरन हा आजही विक्रम आहे. हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलमधला सर्वोच्च बहुमान, आणि निवडीसाठी पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात. २०२२ मध्ये, दहाव्या आणि अखेरच्या संधीत, त्याला ६६ टक्के मिळाली, तसाच संशय असलेला पिचर रॉजर क्लेमेन्स याला ६५. त्याच मतदानात डेव्हिड ऑर्टिझ निवडला गेला, ज्याचं नाव २००३ च्या त्या फुटलेल्या यादीत असल्याची बातमी होती. चाचणी आणि शिक्षा नसलेल्या काळातल्या माणसांना आजच्या मापाने कसं मोजायचं, यावर मतदारांचंच एकमत नाही. माझंही मन वर्षागणिक बदलत आलं आहे. सध्या तरी मला वाटतं की विक्रम पुस्तकात राहू द्यावा आणि बहुमान देऊ नये.

मेल्की काब्रेराचं उदाहरण मात्र मनाला बरं वाटणारं आहे. २०१२ मध्ये तो .३४६ सरासरीने फलंदाजीचं विजेतेपद मिळवण्याच्या बेतात होता आणि निलंबित झाला. आपल्याला विजेतेपद नको, असं त्याने स्वतःच कळवलं. ते बस्टर पोझीला मिळालं.

या सगळ्यात खरं नुकसान कुणाचं झालं?

ज्यांची नावं तुम्ही कधी ऐकली नाहीत त्यांचं. मेजर लीगच्या संघात २६ जागा. २०२५ मध्ये तिथला किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर, तर एकाच पायरीने खाली, ट्रिपल-ए मध्ये, वर्षाला ३६ हजारांच्या आसपास. या दोन आकड्यांमधल्या दरीत सगळा मोह आहे. सव्विसावी जागा इंजेक्शन घेणाऱ्याने पटकावली की न घेणारा सत्ताविसावा होतो आणि दोन-तीन वर्षांत घरी जातो. त्याची बातमी होत नाही, त्याला भरपाई मिळत नाही.

त्याच्याही खाली डोमिनिकन रिपब्लिकची मुलं आहेत. तिथे सोळाव्या वर्षी करार होतो. त्याआधीची तीन-चार वर्षं मुलगा 'बुस्कोन' म्हणजे स्थानिक प्रशिक्षक-दलालाच्या ताब्यात असतो, त्याचं खाणं-राहणं तोच पाहतो आणि करार झाला की त्यातला मोठा हिस्सा घेतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला जे टोचलं जातं ते 'जीवनसत्त्व' आहे असं सांगितलं जातं. मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, चाचणी २००१ मध्येच सुरू झाली, मोठ्यांच्या आधी, कारण त्या मुलांना २०२२ पर्यंत संघटनाच नव्हती आणि लीगला कुणाला विचारायची गरज नव्हती. निलंबनांच्या याद्या वर्षानुवर्षं याच मुलांच्या नावांनी भरत आल्या. टोचणारे दलाल बहुतेक सुटत आले. २०१८ पासून लीगने प्रशिक्षकांना चाचणीच्या अटीवर नोंदणीत घ्यायला सुरुवात केली, पण त्यात सामील होणं ऐच्छिक आहे. नियम आणखी कडक व्हायचे असतील तर ते इथे व्हावेत, असं मला कळकळीने वाटतं.

नियम यापुढे आणखी बदलतील का?

उत्तेजकांचे नियम मालक-खेळाडू कराराला जोडलेले आहेत, आणि सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा. मागच्या खेपेला करार संपून डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मालकांनी खेळाडूंविरुद्ध टाळेबंदी केली, तेव्हा स्टेरॉइडच्या चाचण्याही थांबल्या होत्या. जवळजवळ वीस वर्षांत पहिल्यांदा. वाटाघाटी फिसकटल्या तरी चाचणी चालू राहील असं कलम व्हायला हवं, एवढी माझी अपेक्षा आहे.

आमचा मुलगा शाळेच्या संघात आहे, पावडर घेऊ का म्हणतो. काय सांगू?

आधी त्याच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, दुकानदाराला किंवा संघातल्या मोठ्या मुलांना नको. पूरक आहाराची तपासणी अमेरिकेत विक्रीआधी सरकार करत नाही, त्यामुळे डब्यावर लिहिलेलं सगळं आत असेलच किंवा न लिहिलेलं नसेलच याची खात्री नाही. मेजर लीगच्या खेळाडूंना 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' हा स्वतंत्र तपासणीचा शिक्का असलेलेच डबे वापरायचा सल्ला दिला जातो. निदान तो शिक्का पाहा. आणि मुलाची चिडचिड एकाएकी वाढली, पाठीवर मुरूम आले, दोन महिन्यांत अंग भलतंच भरलं, असं काही दिसलं तर रागावण्याआधी त्याच्याशी बोला. औषध चालू असल्याचं कळलं तर ते घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका, त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.